बेरिल आली की निघू

मॅटलबी पदभ्रमण मंडळाच्या नियमावलीत विश्रांतीची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे. आघाडीप्रमुख थांबला की विश्रांती सुरू होते आणि शेवटचा सदस्य येऊन पोचला की ती संपते. नियम चांगलाच आहे. कुणाला मागे टाकून जायचं नाही ही त्यामागची माणुसकी आहे, आणि इंग्लंडच्या बरोबर पोटात, समुद्रापासून सगळीकडून सारख्याच लांब असलेल्या त्या गावात माणुसकी नियमाशिवाय करायची पद्धत नाही.

या नियमाचा परिणाम एवढाच होता, की जो सगळ्यात भरभर चाले त्याला भरपूर विश्रांती मिळे आणि जो सगळ्यात दमलेला असे त्याला अजिबात मिळत नसे. डेस्मंड पार्जिटर हा आघाडीप्रमुख होता. नगरपालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेला, टांगा लांब, आवाज त्याहून लांब जाणारा. तो पुढच्या टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचायचा, सँडविच खायचा, बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायचा, दुर्बीण काढून एखादा पक्षी बघायचा आणि त्याचं नाव इतरांना सांगायचा. मग उतारावरून बेरिल टनिक्लिफ वर येताना दिसायची. चेहरा बिटासारखा लाल, टोपी एका कानावर. ती टेकडीवर पोचून काठीवर भार टाकते न टाकते, तोच डेस्मंड टाळी वाजवायचा.

"बेरिल आली! सगळे आले. चला!"

बेरिल दर रविवारी थर्मास भरून चहा न्यायची आणि दर रविवारी संध्याकाळी तो तसाच्या तसा सिंकमध्ये ओतायची. दोन्ही वेळा थर्मासचं वजन सारखंच असायचं.

मंडळात पिछाडीप्रमुख असंही एक पद आहे. ते नेव्हिल क्रॅबकडे होतं. अंगात चमकतं पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, खांद्याला वॉकीटॉकी. शेवटच्या सदस्याच्या मागून चालायचं, हे त्याचं काम. तो स्वतः सगळ्यांच्या मागे असला तरी त्याला शेवटचा धरत नाहीत, कारण तो पदाधिकारी आहे. बेरिलला तो आवडायचा. ती पुढे बघत धापा टाकत बोलत राहायची, आणि तो मागून "हो ना" म्हणायचा. एवढं साधं, सरळ माणूस मंडळात दुसरं नव्हतं, असं तिचं मत होतं.

इतकं होतं तर तिनं मंडळ सोडायचं होतं, असं कुणी म्हणेल. पण नवरा गेल्यापासून बेरिलला रविवार फार मोठा वाटायचा. मुलगी कॅनडात, तिचा फोन शनिवारी येई आणि संपे. रविवारी एकटीनं घरात बसायचं म्हटलं तर बसायला खुर्च्या पुष्कळ होत्या, पण तसलं बसणं तिला नको होतं. तिला माणसांत बसायचं होतं. माणसं मात्र ती आली की उठत होती.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी मंडळाची शेवटची सदस्य इनिड रज होती आणि बेरिल शेवटून दुसरी. शेवटून दुसऱ्याला तीन-चार मिनिटं सहज मिळतात. बूड टेकता येतं, थर्मासचं झाकण उघडता येतं, नशीब असेल तर अर्धा कप पोटातही जातो. त्या काळात बेरिलला नियम चांगलाच वाटायचा. इनिड वर येताना दिसली की तीही झाकण लावून इतरांबरोबर उठायची आणि म्हणायची, "ये गं इनिड, तुझ्यासाठीच थांबलोय."

मग गेल्या हिवाळ्यात इनिड वारली. घरी, आरामखुर्चीत, बसल्या बसल्या. तिला बसायची सवय नव्हती, असं मंडळात सगळे हळहळून म्हणाले.

इनिडच्या जाण्यानं रिक्त झालेली जागा बेरिलकडे आपोआप आली. निवडणूक झाली नाही, कुणी अभिनंदनही केलं नाही. पहिल्याच रविवारी ती टेकडीवर पोचली, दगड बघून वाकली, आणि तिच्या डोक्यावर टाळी वाजली.

दोन महिने तिनं कळ काढली. मग वार्षिक सर्वसाधारण सभेत, गिरजाघराच्या सभागृहात, चहा आणि कोरडी बिस्किटं यांच्या साक्षीनं तिनं हात वर केला.

"अध्यक्षमहाराज, मला एवढंच म्हणायचंय, की मी पोचल्यावर आपण पाच मिनिटं थांबलो तर?"

अध्यक्षस्थानी बसलेल्या डेस्मंडनं चष्मा काढला. "म्हणजे तू आल्यावर आम्ही थांबायचं?"

"हो."

"पण तू येईपर्यंत आम्ही थांबलेलेच असतो, बेरिल. माणसानं थांबायचं तरी किती?"

सभेत सहानुभूतीची कुजबुज झाली. ती थांबणाऱ्यांविषयी होती.

"मला बेरिलच्या भावना अगदी पूर्णपणे समजतात," ऑड्री प्लिमर उभी राहून म्हणाली. ऑड्री म्हणजे आता शेवटून दुसरी. गुडघ्याला पट्टा, हातात दोन काठ्या, ओठांना कायम लिपस्टिक. "पण आज पाच मिनिटं दिली की उद्या कुणीही दहा मागेल."

"कुणीही म्हणजे कोण गं? शेवटची तर मीच असते."

"आज आहेस," ऑड्री म्हणाली, आणि क्षणभर तिचा चेहरा उतरला. तिनं घाईघाईनं बिस्कीट उचललं.

प्रश्न गंभीर असल्यामुळे तो सोडवायचा नाही, त्यासाठी उपसमिती नेमायची, असं ठरलं. उपसमितीत मंडळातले सगळ्यात वेगवान तीन सदस्य घेतले, कारण विचार करायला वेळ फक्त त्यांच्याकडे होता. उपसमितीच्या बैठका चालीदरम्यान, विश्रांतीच्या वेळी भरू लागल्या. प्रत्येक बैठक रंगात येई तोच बेरिल पोचे आणि बैठक तहकूब करावी लागे. सहा आठवड्यांनी उपसमितीनं अंतरिम अहवाल दिला. त्यात कामाला झालेल्या विलंबाचं कारण म्हणून बेरिल टनिक्लिफ यांचं नाव होतं.

अंतिम अहवाल मात्र उदार होता. शेवटच्या सदस्याच्या विश्रांतीचा हक्क मंडळाला तत्त्वतः मान्य आहे, असं त्यात पहिल्याच ओळीत म्हटलं होतं. अडचण फक्त वेळेची होती. शेवटच्या सदस्यानं सगळ्यांच्या आधी निघावं, तर आघाडीप्रमुखाच्या पुढे कुणी गेलं की विमा रद्द होतो. नंतर निघावं, तर तो मागे राहतो आणि मागे कुणाला ठेवायचं नाही. सबब शेवटच्या सदस्यानं आपली विश्रांती आगाऊ घ्यावी, चाल सुरू होण्यापूर्वी, आपापल्या सोयीनं. ठराव एकमतानं मंजूर झाला. बेरिलनंही हात वर केला, कारण इतक्या लोकांनी आपल्यासाठी इतका त्रास घेतल्यावर हात खाली ठेवणं तिच्या वळणात बसत नव्हतं.

मे महिन्यात मंडळाची दरवर्षीची तीन दिवसांची सहल कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर निघाली, ती याच पार्श्वभूमीवर. सहलीचं निमित्तही तसंच होतं. ट्रेगॅरिकच्या टोकावर, समुद्राकडे तोंड करून, इनिडच्या स्मरणार्थ मंडळानं एक बाक बसवला होता. लाकूड उत्तम, पाठीवर पितळी पाटी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं. पण त्या देशात झोपा नेहमी बैल गेल्यावरच करतात आणि त्यावर बैलाचं नाव घालतात.

बसमध्ये डेस्मंड रांगेतून तपासणी करत बेरिलपाशी आला.

"बसलीस ना नीट? सात तासांचा प्रवास आहे."

"बसले."

"छान. मी लिहून घेतो. ही तीन दिवसांची धरू."

"काय धरू?"

"आगाऊ विश्रांती. उरली तर पुढच्या महिन्यातही चालेल. मंडळ काही कोतं नाही."

बेरिलनं खिडकीबाहेर बघितलं. तिच्या मागच्या आसनावरून नेव्हिल म्हणाला, "हो ना." तो कशाला म्हणाला ते कळलं नाही.

पहिल्या दिवशी उतारूगृहात स्कोन नावाच्या छोट्या गोल पावावर आधी जॅम लावायचा की आधी साय, यावरून दोन तट पडले आणि संध्याकाळ चांगली गेली. बेरिल कुठल्याच तटात गेली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट होती. उद्या बाकापाशी तरी ती बसणार होती. समुद्राकडे तोंड करून, गरम असताना चहा पिणार होती. ते एवढ्यासाठी, की इनिडनं तिला मागच्या उन्हाळ्यात याच टोकावर, उभ्या उभ्या, श्वास सापडत नसताना म्हटलं होतं, "इथं जरा टेकायला मिळालं असतं ना, बेरिल, तर मजा होती." आणि बेरिल झाकण लावत म्हणाली होती, "अगं, पुढच्या वेळी."

तिच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या डॉक्टरनंही आता पुढच्या वेळेचं नाव काढलं नव्हतं. शस्त्रक्रिया शरद ऋतूत होती. त्यानंतर चढ बंद. ही वेळ तिची शेवटची होती आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणाला सांगितलं असतं तर त्याला अवघडल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी डेस्मंडनं सुरक्षिततेची सूचना वाचली. किनारा हा धोक्याचा प्रदेश असून त्याची एक बाजू समुद्राकडे आहे, असं तो म्हणाला. कड्याकडे बघणाऱ्यांनी थांबून बघावं, चालणाऱ्यांनी बघू नये. मग सगळे निळी जाकिटं चढवून निघाले. पायवाट कड्याच्या कडेकडेनं खाली उतरायची, ओढा ओलांडायची आणि पुन्हा वर चढायची. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं वाऱ्यात हलत होती. खाली पाणी इतकं निळंहिरवं होतं की बघावंसं वाटे. पण बेरिल चालत होती, त्यामुळे नियमाप्रमाणे तिनं ते बघितलं नाही.

"नेव्हिल, आज काही झालं तरी मी बसणार," ती चढावर म्हणाली.

"हो ना," मागून आवाज आला.

"पाच मिनिटं तरी. इनिडसाठी."

"हो ना."

"तुला म्हणून सांगते, हे लोक मागे वळून बघतच नाहीत रे. आपल्यामागे कोण आहे, दमलंय की मेलंय, काही विचार म्हणून नाही."

नेव्हिल यावेळी काही बोलला नाही. त्यालाही धाप लागली असावी.

टोकावर पोचायला नेहमीसारखाच उशीर झाला. बाक भरलेला होता. पोचण्याच्या क्रमानं बसायचं हा मंडळाचा प्रघात आहे, आणि पहिल्या चौघांच्या थर्मासांतून वाफा निघत होत्या. बाकीचे गवतावर पाय पसरून बसले होते. ऑड्री एका दगडावर टेकून कपातला शेवटचा घोट घेत होती. बेरिल दिसताच बाकावरचे चौघेही अदबीनं उठून उभे राहिले. ती पुढे झाली, पाठीवरची सॅक काढायला तिनं एक पट्टा सोडला, आणि टाळी वाजली.

"बेरिल आली! सगळे आले. समारंभाला सुरुवात करू या."

समारंभ विश्रांतीत मोडत नसल्यामुळे तो उभ्यानं झाला. डेस्मंड इनिडविषयी बोलला. तिच्यामुळे मंडळाला आयुष्यभर थांबायला मिळालं, असं तो अगदी मनापासून म्हणाला. मग त्यानं पाटीवरचा रुमाल काढला. पाटीवर लिहिलं होतं: *इनिड रज यांच्या स्मृतीस. त्यांना इथे बसून समुद्र न्याहाळायला फार आवडे.*

मग बेरिल म्हणाली, "डेस्मंड, ती इथे कधी बसली होती?"

"काय?"

"इनिड. इथे कधी बसली होती?"

"अगं, तसं लिहायची पद्धत आहे," डेस्मंड हलक्या आवाजात म्हणाला. "बाकावर काय लिहिणार? या अख्ख्या किनाऱ्यावर प्रत्येक बाकावर हेच लिहिलंय."

"म्हणजे यातलं कुणीच बसलं नसेल."

"बेरिल, प्लीज. दोन मिनिटांची शांतता आहे."

शांतता पाळली, तीही उभ्यानं. ती संपताच डेस्मंडनं घड्याळ बघितलं. खालच्या खाडीतल्या चहाघरात चारचं टेबल राखून ठेवलं होतं. तो काठी उचलून निघाला, त्याच्यामागे निळी जाकिटं निघाली, आणि बेरिल टनिक्लिफ बाकावर बसली.

हे प्रथम कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग नेव्हिलनं शिट्टी वाजवली. शेवटचा सदस्य चालत नसेल तर एक शिट्टी वाजवायची असते. सगळे वळले.

"काय झालं? पाय मुरगळला?" डेस्मंड ओरडला.

"नाही. बसलेय."

"कशासाठी?"

"चहा प्यायला."

तो परत आला. इतरही परत आले आणि बाकाभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहिले. एखादी गाय कड्यावरून खाली लटकत असावी, तसे त्यांचे चेहरे झाले होते.

"बेरिल, चहा खाली आहे. साय आहे, जॅम आहे."

"माझा इथे आहे."

"तुझी विश्रांती काल बसमध्ये झाली. नोंद आहे माझ्याकडे."

"असेल. मी बसते, तुम्ही व्हा पुढे."

डेस्मंडचा चेहरा पडला. "तुला मागे टाकून? मंडळ असं करत नाही. तू गटात आहेस तोवर गट तुझ्याशिवाय हलणार नाही."

"मग मी गटात नाही असं समजा."

हे ऐकून डेस्मंडला सुटका दिसली. त्यानं मान डोलावली. "ठीक. सदस्यानं स्वेच्छेनं गट सोडला. मग अडचण नाही. बेरिल गटात नाही, म्हणजे शेवटची..." त्याची नजर फिरत फिरत ऑड्रीवर आली.

"मुळीच नाही!" ऑड्री किंचाळली. "बेरिल गटातच आहे! असं कुणी मधेच उठून... मधेच बसून गट सोडायचा नसतो! वर्गणी भरलीय तिनं वर्षाची!"

"ऑड्री, कुणीतरी शेवटचं असावंच लागतं."

"मग तिलाच राहू दे ना! चांगली चाललीय तिची! बेरिल, बाई, ऊठ गं. माझं ऐक. माझा गुडघा बघ. मला तीन मिनिटं नाही मिळाली तर मी मरेन. ऊठ गं, तुझ्या पाया पडते."

बेरिलनं तिच्याकडे बघितलं. तिला ऑड्रीचा राग आला नाही. तिला वाईट वाटलं, कारण हा चेहरा तिच्या ओळखीचा होता; मागच्या वर्षी तो तिचा स्वतःचा होता. पण ती उठली नाही. तिनं थर्मासचं झाकण फिरवलं, आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ऑड्रीनं दोन्ही काठ्या उचलल्या आणि ती पळत सुटली. तिचा गुडघा, तिचा पट्टा, तिचं वय, सगळं तिच्याबरोबर पळालं. ती चौघांना मागे टाकून उतारावर गेली. त्या चौघांत जो मागे राहिला, त्याला आपण काय झालो आहोत हे एका क्षणात उमगलं, आणि तो ऑड्रीच्या मागे पळाला. मग त्याच्यामागचा पळाला. कुणी कुणाला काही बोललं नाही. इंग्रज माणूस धक्का देताना "माफ करा" म्हणतो, तेवढंच ऐकू येत होतं. "माफ करा", "माफ करा" करत निळी जाकिटं वळणामागे दिसेनाशी झाली. डेस्मंड क्षणभर उभा राहिला. आघाडीप्रमुखाच्या पुढे लोक होते. विमा रद्द झाला होता. तोही धावला.

टोकावर बाक, बेरिल, आणि बाकाच्या मागे नियमाप्रमाणे नेव्हिल, एवढेच उरले.

चहा गरम होता. बेरिलनं कप दोन्ही हातांत धरला आणि समुद्राकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं तो चालता चालता, डोळ्याच्या कोपऱ्यातून, घामाआडून बघितला होता. तो बसून बघायला अगदी वेगळा होता. तो घाई करत नव्हता. एक लाट यायची, खडकावर फुटायची, आणि दुसरी तिची वाट न बघता आपली येत राहायची. बेरिलला रडू आलं. ते वाफेमुळे आहे असं तिनं ठरवलं आणि आणखी एक कप ओतला.

नेव्हिलच्या खांद्यावरची वॉकीटॉकी खरखरली. "पिछाडी, पिछाडी, आघाडी बोलतोय," डेस्मंडचा धापा टाकणारा आवाज आला. "माझ्या पुढे सगळेच आहेत. मागे कुणी नाही. मी... मी शेवटचा आहे की काय? पिछाडी, उत्तर द्या."

"तुम्ही पदाधिकारी आहात," नेव्हिलनं उत्तर दिलं. "तुम्हाला शेवटचं धरत नाहीत."

"देवाची कृपा," आवाज म्हणाला. थोड्या वेळानं तो पुन्हा आला. सगळे चहाघरात पोचले होते, पण कुणीच बसायला तयार नव्हतं. शेवटचा सदस्य पोचला की विश्रांती संपते, आणि शेवटचा कोण यावर एकमत होत नव्हतं, त्यामुळे विश्रांती सुरू आहे की संपली हेही ठरत नव्हतं. स्कोन टेबलावर होते. साय वितळत होती. सगळे खुर्च्यांच्या मागे उभे होते. "बेरिलला म्हणावं, लवकर ये. तू आल्याशिवाय आम्हाला काही सुचत नाही."

बेरिल मोठ्यानं हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच आठवेना.

"बघ नेव्हिल, किती सोपं होतं. नुसतं बसायचं होतं. इनिडनं एकदा बसून दाखवलं असतं तर तेव्हाच झालं असतं सगळं."

"हो ना."

"माणसानं आपल्या हक्कासाठी बसलं पाहिजे. पुढच्या सभेत मी ठरावच मांडणार आहे. शेवटच्याला दहा मिनिटं. पाच नाही, दहा. त्याखेरीज हलायचं नाही."

"हो ना." नेव्हिलनं जरा घसा साफ केला. "बेरिल."

"काय रे?"

"मी बसलो तर चालेल का? थोडा वेळ."

"अरे, विचारतोस काय! बस ना. बाक काय माझा आहे?" बेरिल मोकळेपणानं म्हणाली आणि तिनं सॅक उचलून त्याला जागा केली.

नेव्हिल बाकाला वळसा घालून पुढे आला. पिवळं जाकीट घालून पिछाडीप्रमुखाला बसता येत नाही, म्हणून त्यानं ते आधी काढलं, घडी घातली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग वॉकीटॉकी काढली. पाठीवरची सॅक उतरवली, तेव्हा त्याच्या शर्टावर दोन्ही पट्ट्यांचे घामाचे वळ दिसले. मग तो जपून, काठावर, आधी एका हातानं बाक चाचपून बसला. त्यानं पाय पुढे लांब केले आणि डोळे मिटले. सॅकमधून त्यानं एक जुना, पोचे आलेला थर्मास काढला आणि त्याचं झाकण उघडायला घेतलं. झाकण घट्ट बसलं होतं. ते बऱ्याच दिवसांत उघडलं नसावं.

बेरिलचा चहा संपला होता. गुडघे कधी नव्हे इतके हलके वाटत होते. सगळ्या जगाविषयी तिच्या मनात माया दाटून आली होती. डेस्मंडविषयी, ऑड्रीविषयी, खुर्च्यांमागे ताटकळलेल्या त्या सगळ्यांविषयी. तिनं कपातले थेंब गवतावर झटकले, झाकण लावलं आणि ताठ उभी राहून तिनं टाळी वाजवली.

"झालं बाई माझं! चल नेव्हिल, निघू या. बिचारे वाट बघत असतील."

नेव्हिलचा हात झाकणावर होता. ते नुकतंच अर्धा आटा फिरलं होतं. त्यानं ते पुन्हा घट्ट केलं, थर्मास सॅकमध्ये ठेवला, सॅक पाठीला लावली. जाकीट झटकून अंगात घातलं आणि शिट्टी गळ्यात, वॉकीटॉकी खांद्याला अडकवली. बेरिल तोवर वळणापर्यंत गेली होती, वाऱ्यात गुणगुणत.

"हो ना," तो म्हणाला आणि तिच्या मागून चालू लागला.

वाचकांपैकी सगळे पहिल्यापासून बेरिलच्या बाजूचे होते, ही मंडळाच्या दृष्टीनं समाधानाची बाब आहे. तुमचंही आता वाचून झालं आहे. तेव्हा उठायला हरकत नाही. नेव्हिल तुमच्या मागे आहेच.